ज्वारीत पडलेलं पिवळं विमान

विमान नवऱ्याच्या तोंडावर आदळलं तेव्हा मी माळ्याच्या खाली उभी होते. आधी वरून गोफण पडली, मग तो पडला.

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला शेतात चार खांबांवर फळ्या टाकून माळा बांधतात. कणसांच्या वर माणूस दिसेल इतका उंच. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी, म्हणून नवरा माळ्यावर उभा राहून पाखरं हाकत होता. मी भाकरी घेऊन आले होते. मोठा भुंगा घोंघावावा तसा आवाज येत होता, पण तो दर गुरुवारी यायचा, म्हणून मी वर बघितलं नाही. बघितलं तेव्हा पिवळं विमान कणसांच्या शेंड्यांवरून सरळ माळ्याकडे येत होतं. मी ओरडले. माझ्या ओरडण्याने तो वळला आणि विमान पुढून बसलं.

तो ज्वारीत उताणा पडला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. रक्ताबरोबर जळक्या एरंडेलाचा वास येत होता. त्या विमानांच्या इंजिनात एरंडेल घालतात हे मला पुढं कळलं. मी पदराचा बोळा करून दाबून धरला. तो ओरडत नव्हता. "दिस मावळला का गं?" असं विचारत होता, भर उन्हात.

तेवढ्यात नाला ओलांडून साहेब आला. आमच्याच कंपनीतला मोठ्या हुद्द्याचा साहेब. त्याला मी इथं अहोजाहो करणार नाही. खेळातलं विमान जमिनीवरून चालवायची बिनतारी पेटी अजून त्याच्या गळ्यात होती आणि पेटीची लांब काठी ज्वारीच्या ताटांत अडकत होती. मागून त्याचा ड्रायव्हर. विमानाचं नाक इंजिनासकट तुटून नवऱ्याच्या पायाशी पडलं होतं. साहेब उकिडवा बसला. मला वाटलं, नवऱ्याला बघतोय. त्याने इंजिन उचललं. फुंकर मारून माती उडवली, रुमालाने पुसलं, पुढचं पातं बोटाने फिरवून बघितलं.

"शाफ्ट वाकलेला नाही," तो ड्रायव्हरला म्हणाला. "नशीब."

मग त्याने नवऱ्याकडे बघितलं. "अरे, हा आपल्या पॅटर्न शॉपचा ना?"

"व्हय," मी म्हणाले. "सायेब, गाडीत घाला त्यास्नी."

"गाडी पाठवतो. तुम्ही दाबून धरा तोवर." जाता जाता ड्रायव्हरला म्हणाला, "बाकीचं कुठं गेलं बघ जरा." ड्रायव्हरने दोन्ही बाजूंना मान फिरवली. त्याला पुढं ज्वारीशिवाय काही दिसलं नाही. दोघं गेले.

गाडी आली नाही. मी वाट बघितली हे खरं आहे, आणि त्याचा राग मला अजून येतो. शेवटी शेजारच्या शेतातल्या माणसाने बैलगाडी जुंपली. मोशीच्या रस्त्यावर दुधाचा टेम्पो अडवला आणि त्यातून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळा काढून टाकला. "डोक्यात गेलं नाही, वाचला," म्हणाले.

आमची जमीन कंपन्यांत गेली होती. भोसरीच्या पुढं तेव्हा दर वर्षी एक नवी भिंत उभी राहायची. आमच्याकडं नाल्याच्या अलीकडचा पट्टा तेवढा उरला आणि जमिनीच्या बदल्यात नवऱ्याला नोकरी मिळाली. घराणं सुतारकीचं नसूनही त्याचा हात लाकडावर चांगला होता, म्हणून पॅटर्न शॉपमध्ये घेतला. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. तिथं नवऱ्याला मान होता. गळ्यात तुळशीची माळ, आळंदीची एकादशी चुकली नाही, दारूला शिवला नाही.

नाल्यापलीकडं कंपनीने मुरूम टाकून मैदान सपाट केलं होतं. पुढं तिथं शेड होणार होती. तोवर साहेब दर गुरुवारी विमानं उडवायचा. आमच्या ज्वारीत ती आधीही पडली होती. पहिल्यांदा पडलं तेव्हा मीच उचलून नेऊन दिलं. साहेब म्हणाला, "असं पंखाला धरतात का? नाकाला धरायचं." त्यानंतर मी शोधायला गेले नाही. ड्रायव्हर यायचा आणि ज्वारी तुडवत फिरायचा.

नवरा पट्टी बांधून कामावर गेला तर त्याला आत घेईनात. लेबर ऑफिसरने बोलावलं. म्हणाला, "दारू पिऊन माळ्यावरून पडलास आणि साहेबांचं नाव घेतोस?"

नवऱ्याने गळ्यातली माळ हातात धरून दाखवली. लेबर ऑफिसर म्हणाला, "माळ घालून पिणारे मी पुष्कळ बघितलेत."

साहेबाने सांगितलं होतं की त्या गुरुवारी तो घरीच होता. त्याचं एकही विमान पडलेलं नाही, सगळी घरच्या कपाटात आहेत, कोणीही येऊन बघावं. ड्रायव्हरने मान डोलावली. त्याला त्याची नोकरी होती. नवऱ्याच्या हातात झाडू दिला आणि सांगितलं, आवार झाडत राहा, दिवाळीनंतर तुझं काय ते ठरवू. ते काय ठरणार हे सगळ्यांना कळत होतं. एका डोळ्याचा माणूस, त्यात दारूडा म्हणून लिहिलेला. त्याला दुसरी कुठली कंपनी दारात उभा करणार? आणि शेती तर नाल्याएवढी.

घरी तो बोलायचा बंद झाला. डोळ्याचं दुःख त्याने सोसलं असतं. दारूचं सोसवेना. गावात भजनाला जाऊन बसेना. मला मात्र बोलायचं होतं. मला न्याय वगैरे काही नको होता. मला त्या साहेबाचं तोंड चार माणसांत पडलेलं बघायचं होतं. हे मी तेव्हा उघड म्हणायचे, आजही म्हणते.

ज्वारी कापायला आली तेव्हा ड्रायव्हर एकटाच नाल्यावर आला.

"वहिनी, जरा आत बघू द्या की."

"काय हरावलंय?"

"काही नाही हो. साहेबांचं जरा सामान."

"सायेब तर त्या दिवशी घरी व्हता न्हवं? मग सामान काय पायानं चालत आलं?"

मी हातातला विळा पुढं केला. "भाऊ, ज्वारीत पाऊल घातलंस तर कणसाबरुबर पायबी कापीन. सायेबाला जाऊन सांग."

तो गेला आणि मला कळलं की उरलेलं विमान माझ्याच शेतात आहे. मी कापणीला बाया लावल्या नाहीत. माळ्यापासून पुढचा सगळा तुकडा एकटीने कापला. पंख ताटांच्या मधे अडकून उभाच होता, जमिनीला टेकलाच नव्हता. शेपटी बांधावर सापडली. मधला सांगाडा बांधाखालच्या चरात पडून फुटला होता. पिवळं रेशमी कापड फाटून लोंबत होतं, आतल्या फासळ्या कागदासारख्या पातळ लाकडाच्या. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना. इतक्या हलक्या वस्तूने डोळा नेला. दीड महिना झाला तरी एरंडेलाचा वास गेला नव्हता.

ते सगळं पाटीत घालून मी कंपनीत नेलं. लेबर ऑफिसरने पेन्सिलीने उलटंपालटं केलं. "हे पोरांच्या पतंगाचं काहीतरी आहे. यावर साहेबांचं नाव लिहिलंय का?" युनियनच्या पुढाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, "वहिनी, मला तुमचं पटतंय. पण या काड्या घेऊन गेटवर सभा कशी घेऊ? लोक हसतील."

पाटी घरी आणली. नवरा म्हणाला, "चुलीत घाल."

घातली असती. पण ड्रायव्हरची बायको पिठाच्या गिरणीत भेटायची. नवऱ्याने गिळलेलं बायकोच्या पोटात राहतंच असं नाही. ती दळणाच्या रांगेत माझ्या कानाशी लागली. "ताई, सायबानं ते इंजिन काचेच्या कपाटात ठेवलंय. रोज पुसतो. बायकोला म्हणतो, एवढं विमान मी परदेशातनं लाकूड मागवून दोन वर्षं बनवलं, निदान पंख तरी मिळाला असता. जेवणावरचं मन उडालंय म्हणं त्याचं."

माझ्या नवऱ्याचा डोळा त्याला दिसला नव्हता आणि पंखासाठी त्याचं जेवण गेलं होतं. मी दळण डोक्यावर घेऊन घरी येईपर्यंत सगळं ठरवलं होतं. तुटक्या काड्या बघून तो ओळख देणार नाही. पण त्याचं विमान जसंच्या तसं पुढं ठेवलं, तर त्याला आवरणार नाही. बापाला हरवलेलं पोर दिसल्यावर तो आधी हिशेब करत नाही.

नवऱ्याला म्हणाले, "हे नीट करायचं. पयल्यासारखं."

"कशापायी? त्याला नेऊन द्यायला?"

"त्याच्या गळ्यात अडकवायला."

"मला चहा कपात वतता येत न्हाई, आन् तू विमान करायला सांगतीस."

ते खरं होतं. एक डोळा गेला की वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. तो चहा कपाच्या बाहेर ओतायचा, खुंटीवर टोपी अडकवायला गेला की टोपी खाली. पटाशी हातात घेतली तर पहिल्याच घावाला अंगठा फोडला आणि पटाशी फेकून दिली. मी उचलून परत हातात दिली. मी त्याच्यासमोर बसले, जिथं पटाशी लावायची तिथं बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं." माझं बोट वाचवायच्या भीतीने तो हळू काम करायला लागला. पुढं तो डाव्या हाताच्या बोटाने आधी जागा चाचपून मग हत्यार लावायला शिकला. मी बोट काढून घेतलं.

तसलं परदेशी लाकूड आमच्याकडे कुठलं? नाल्यावरचा वाळलेला पांगारा तोडला. पांगारा हलका असतो, त्याच्या फळ्या पातळ चिरता येतात. मोडलेल्या फासळ्यांच्या जागी पांगाऱ्याच्या फासळ्या बसवल्या. ज्या शाबूत होत्या त्यांना हात लावू दिला नाही. जनावरांच्या हाडा-कातड्याचा सुतारी सरस मी अंगणात तीन दगडांवर शिजवायचे. माळकऱ्याच्या घरात त्या वासाने शेजारच्या म्हातारीने नाक धरलं. "काय गं, काय शिजवतीस?" मी म्हणाले, "सायेबाचं जेवण."

कापडाचा प्रश्न होता. जुनं रेशीम शेपटीवर आणि पंखाच्या टोकाला चांगलं होतं, मधलं गेलेलं. माझ्या लग्नातला पिवळा शेला पेटीत होता. तो कापला. बायका हे ऐकून हळहळतात, पण शेला म्हणजे कापड, पेटीत पडून त्याला कसर लागत होती. गोधडी शिवताना घालते तसा बारीक टाका घालून जुन्याला नवं जोडलं. मग भाताची पेज पातळ करून वरून फिरवली आणि उन्हात ठेवलं. पेज वाळली की रेशीम ढोलकीसारखं ताणलं जातं. टिचकी मारली की वाजायचं. वरून नवऱ्याने पॉलिशचा हात दिला. पंखावर लाल पट्टा होता आणि पट्ट्यात पांढरी चांदणी. निम्मी चांदणी उरली होती, उरलेली निम्मी त्याने तिच्यावरून मापून काढली.

पंखाच्या खालच्या अंगाला एक ठिगळ होतं. वेडंवाकडं, आमच्या आधीचं. विमान कधीतरी आधी आपटलं असेल तेव्हा साहेबाने स्वतःच्या हाताने लावलेलं. नवरा म्हणाला, "हे काढून सरळ लावू का?" मी म्हणाले, "त्याला हात लावू नगंस. बाकीचं कुणीबी करील. ते ठिगळ त्याचं हाय."

पॅटर्न शॉपचा मिस्त्री एकदा घरी आला. विमान उचलून त्याने सगळ्या बाजूंनी बघितलं. मग म्हणाला, "नाक कुठंय? लाकडाचं इंजिन कोरून बसव की. तुला जमेल."

नवरा तयार झाला होता. मी नाही म्हटलं. नाक नकोच. तिथं भोक राहू दे. ते भोक बघून इंजिन आठवलं पाहिजे, ज्याच्याकडे आहे त्याला.

पाऊस गेला, नवरात्र बसलं. खंडेनवमीला आमच्या भागातल्या सगळ्या कंपन्यांत मशिनींची पूजा असते. त्या एका दिवशी गेट उघडं. कामगारांच्या बायका-पोरं नवे कपडे घालून आत येतात, नवरा कुठल्या मशिनीवर उभा राहतो ते बघतात. प्रत्येक खातं आपली मशिनं झेंडूने सजवतं आणि आपली हत्यारं मांडतं. कंपनीचे सगळ्यांत मोठे साहेब बायकोला घेऊन खात्याखात्यात फिरतात, नारळ फोडतात, पेढे खातात. बाकीचे साहेब त्यांच्या मागे.

मी विमान गोधडीत गुंडाळून मोठ्या पाटीत ठेवलं आणि वर झेंडूची फुलं ओतली. नवऱ्याला पुढं पाठवलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "काय आहे पाटीत?"

"पूजेचं."

"एवढं?"

"आमचं खातं मोठं हाय." त्याने हसून सोडलं.

पॅटर्न शॉपच्या मधोमध टेबल होतं, त्यावर रंधे, पटाशा, करवती मांडलेल्या. मिस्त्री मला बघून पांढरा पडला. "वहिनी, आज नको. सणाचं लफडं होईल."

"लफडं तुमच्या अंगावर यायचं न्हाई. मी आणलंय, मी ठेवते."

त्याने नवऱ्याकडे बघितलं. झाडूवाल्याच्या कपड्यातला नवरा कोपऱ्यात उभा होता. मिस्त्री बाजूला झाला आणि त्यानेच दोन रंधे उचलून जागा केली. मी विमान ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. लोक जमले. "कुणी बनवलं राव?" "नाकच नाही की याला." "असंल काहीतरी पूजेबिजेचं."

मोठे साहेब आले. त्यांच्या बायकोने विमान बघितलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, किती सुंदर! हे पॅटर्न शॉपने बनवलं?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी मागच्या घोळक्यात साहेबाला शोधत होते. तो कुणाशी तरी बोलत पेढा खात होता. मग त्याची नजर टेबलावर गेली. पेढ्याचा हात तोंडाजवळ थांबला. लोकांना बाजूला सारत तो पुढं आला. मोठ्या साहेबांना त्याचा धक्का लागला तेही त्याला कळलं नाही. त्याने विमान उचललं. पंखाला धरून नाही, नीट, पोटाखाली हात घालून. उलटं केलं. ठिगळावरून अंगठा फिरवला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. चेहरा असा की पोरगं वाटावं. "अहो, हे माझं आहे! कुठं मिळालं? याचं इंजिन आहे माझ्याकडे, घरी आहे. अगदी चांगलं आहे."

मी पुढं झाले. "मला माझ्या ज्वारीत मिळालं, सायेब. तुमास्नी इंजिन कुटं मिळालं?"

"तिथंच की," तो म्हणाला. "त्या माळ्याच्या खाली..."

आणि थांबला.

भोंगा बंद, मशिनं बंद, सण होता, त्यामुळे फारच शांत वाटलं. माळ्याच्या खाली कोण पडलं होतं हे त्या खात्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याने विमान टेबलावर परत ठेवलं. हाताला माझं कुंकू लागलं होतं, ते पुसायला रुमाल काढला. तोच रुमाल की दुसरा, ते मला माहीत नाही. पण पुसायची रीत तीच होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यासाठीच तर आले होते. पोटभर बघितलं.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?" मग मिस्त्रीला तोंड फुटलं. मग युनियनच्या पुढाऱ्याला फुटलं, त्याला आता सभा घेता येत होती. शेवटी ड्रायव्हरलाही फुटलं. नवरा कोपऱ्यातून हलला नाही. मोठ्या साहेबांच्या बायकोने त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "हे तुम्ही नीट केलंत? या अवस्थेत?" तो म्हणाला, "मी आन् हिनं." एवढंच.

दारूची नोंद खोडली. लेबर ऑफिसरने नवऱ्याला बसायला खुर्ची दिली, तिच्यावर तो बसला नाही. दिवाळीनंतर नवरा परत पॅटर्न शॉपमध्ये गेला, आधी हलक्या कामावर, मग पहिल्यासारखा. मिस्त्रीने मोठ्या साहेबांना विमानच दाखवलं म्हणे, की बघा, एका डोळ्याचं काम आहे. भजनाला जायला लागला. तिथं पहिल्या दिवशी कुणीतरी सरकून जागा केली, त्यावरून तो घरी येऊन रडला. मी त्याला रडू दिलं.

साहेबाला काय झालं? त्याचा हुद्दा तसाच राहिला. अशांना फारसं काही होत नाही. त्याने मोठ्या साहेबांना सांगितलं की घाबरून खोटं बोललो. खरं असेल. पण घाबरलेला माणूस पातं बोटाने फिरवून बघत नाही.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी तो आमच्या घरी आला. पेढ्यांचा पुडा होता हातात. नवरा ओट्यावर पटाशीला धार लावत बसला होता. साहेब ओट्याची पायरी चढला, आत डोकावला. विमान आढ्याला टांगलं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्याला नवरा दिसला.

"बरं आहे ना आता?" म्हणाला.

"हाय," नवरा म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळला. "बाई, झालं ते वाईट झालं. मला मान्य आहे. तुम्ही फार सुंदर काम केलंय. हे मला द्या. इंजिन बसवलं की परत उडेल."

"डोळा आणलाय का?" मी म्हणाले.

"काय?"

"डोळा. तो आणा, बसवू. मग ह्येंनाबी परत दिसंल. तुमी तुमचं घेऊन जावा, आमी आमचं."

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं." कुणाला जाऊ दे म्हणाला ते मी विचारलं नाही. साहेब पुडा ओट्यावर ठेवून गेला. पेढे मी म्हशीला घातले.

मला विमान घरात ठेवायचं नव्हतं. नवऱ्याला ते राहावं असं वाटत होतं, तसं तो बोलला नाही, पण येताजाता त्याच्या फासळ्या चाचपायचा. त्या थंडीत ज्वारी पुन्हा हुरड्यात आली. मी लांब वेळू आणला, विमान त्याच्या टोकाला बांधलं आणि माळ्याशेजारी रोवलं. बुजगावणं. मैदानातून दिसायचं आणि कंपनीच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांतूनही दिसायचं. वारा आला की पिवळे पंख वळायचे. नवरा म्हणाला, "वाया घालवलंस." मी म्हणाले, "आता कुटं कामाला लागलंय."

त्या वर्षी साहेब एकदाच मैदानात आला. दुसरं विमान घेऊन, पेटी गळ्यात. नाल्यापलीकडे उभा राहून वेळूकडे बघत होता. मी मुद्दाम माळ्यावर चढून उभी राहिले. पेटीची काठी त्याने बाहेर काढली, परत आत घातली आणि गाडीत बसून गेला. पुढच्या गुरुवारी आवाज आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

उन्हाने पिवळा रंग पांढरा पडला. लाल पट्टा गेला, चांदणी गेली. पावसात पेज सुटली आणि शेला चिंध्या होऊन लोंबला. एक कावळा त्या भोकात काड्या आणून घालत होता. मी काही केलं नाही. येणाराजाणारा विचारायचा आणि मी सगळं सांगायचे, कोणाचं विमान, कसं पडलं, काय बोलला, इंजिनाकडे कसं बघितलं. भोसरीपासून चाकणपर्यंत ते लोकांना माहीत झालं असेल. साहेबाची पुढं बदली झाली म्हणतात, त्यानेच मागून घेतली असंही म्हणतात. मैदानावर शेड झाली, मग आमचा पट्टाही गेला, वेळू उपटून टाकला. तेव्हा त्यावर फक्त पांगाऱ्याच्या दोन फासळ्या उरल्या होत्या. नवऱ्याने बसवलेल्या होत्या त्या.

त्या गुरुवारी विमान आलं तेव्हा ज्वारीत आम्ही दोघंच होतो. नवरा एका डोळ्याने काम करून रिटायर झाला आणि पुढंही बरीच वर्षं जगला. मी अजून आहे, आणि विचारणाऱ्याला अजून सांगते.